आळीतली जुनी घरं आणि घराणी कशी शोधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गावातल्या एखाद्या आळीचा, गल्लीचा किंवा पेठेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं एकत्र केली आहेत. इथली सगळी माहिती महाराष्ट्रातल्या गावांपुरती आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. सरकारी कागद बहुधा घराचा मालक सांगतो, घरात कोण राहत होतं ते क्वचितच सांगतो. आळी मात्र राहणाऱ्यांची असते. त्यामुळे कागदावर नाव नसलेली माणसं कशी शोधायची, यावर पुढे जरा जास्त लिहिलं आहे.

सुरुवात कुठून करू? कचेरीतून की गावातून?

गावातून. एक दुपार काढा, आळीच्या एका टोकाला उभे राहा आणि वहीच्या दोन पानांवर कच्चा नकाशा काढा. प्रत्येक घराला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक शेजारी लिहा, पण त्यावर विसंबू नका. दर चार वर्षांनी कराची फेरआकारणी होते, तेव्हा क्रमांक बदलू शकतो. पडीक जागा, ढासळलेल्या भिंती, विहीर, पार, बोळ, मधलं मोकळं अंगण, सगळं नकाशात घ्या. पडीक जागेला क्रमांक द्यायला लोक विसरतात आणि नेमकं तिथेच जुनं घर निघतं.

मग हा नकाशा घेऊन ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे जा. "तुमच्या आळीचा इतिहास सांगा" असं विचारलंत तर शिवाजी महाराजांपासून सुरुवात होईल. त्यापेक्षा "तुम्ही लहानपणी शाळेत जाताना वाटेत कुणाकुणाची दारं लागायची?" असं विचारा. माणूस मनातल्या मनात चालायला लागतो आणि एकेक दार उघडत जातं. कचेरी नंतरही उघडी असते, सुटीचे वार सोडून.

माझं घर सातबाऱ्यावर सापडत नाही. असं का?

सापडणारच नाही. गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आजच्या भाषेत गावठाण. सातबारा (गाव नमुना ७ आणि १२) काळीचा. पांढरीतल्या घरांसाठी ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही असते, तिला नमुना ८ म्हणतात.

इथे हमखास घोटाळा होतो. ग्रामपंचायतीचा "नमुना ८" वेगळा आणि तलाठ्याकडचा "गाव नमुना ८-अ" वेगळा. दुसरा हा शेतीचा खातेउतारा. ग्रामपंचायतीत जाऊन "आठ-अ द्या" म्हटलं की तिथला माणूस तुम्हाला तलाठ्याकडे पाठवतो, तलाठी परत इकडे, आणि अर्धा दिवस गेला असं समजा. माझे दोन गेले होते.

नमुना ८ च्या जुन्या वह्या मिळाल्या तर सोनं आहे. घर मातीचं की दगड-विटांचं, छप्पर कशाचं, लांबी-रुंदी किती, भोगवटादार कोण, हे ओळीने लिहिलेलं असतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की ही नोंद कर वसूल करण्यासाठी आहे, ती मालकीचा पुरावा धरत नाहीत. इतिहास लिहिणाऱ्याच्या मात्र ते पथ्यावरच पडतं. मालक मुंबईत आणि घरपट्टी भरणारा कुळासारखा राहणारा दुसराच, अशी घरं याच वहीत सापडतात.

आमच्या गावात सिटी सर्व्हे झालाय म्हणतात. त्याचा उपयोग?

मोठा उपयोग. साधारण दोन हजारांवर वस्तीच्या गावठाणांची मोजणी करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये आहे, आणि त्याआधीच्या १८७९ च्या मुंबई कायद्यातही होती. मोजणी झालेल्या गावात प्रत्येक घराला सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं. लोक ते कार्ड काढून थांबतात. तसं करू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या वेळची "चौकशी नोंदवही" मागा. त्या वेळी घर कुणाच्या ताब्यात होतं, ते वडिलार्जित म्हणून आलं की खरेदीने, याचा उल्लेख तिथे असतो. मोजणीचा मूळ नकाशाही मागा. आळीचा आकार, बोळांची वळणं आणि आज नाहीशी झालेली घरं त्यात जशीच्या तशी दिसतात.

छोट्या गावांची अशी मोजणी पूर्वी झाली नव्हती. अलीकडे ड्रोनने गावठाण मोजण्याचं काम सुरू झालं. त्याची चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. हा नकाशा आजचा आहे, जुनं काही सांगत नाही. पण तुमच्या कच्च्या नकाशाखाली पाया म्हणून उत्तम.

एका घराचे कागद मिळाले, शेजारच्या दहांचे नाहीत. आळी कशी उभी करायची?

चतुःसीमेने. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली ही सर्वांत मजेची गोष्ट आहे.

जुनं खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, काहीही घ्या. मिळकतीचं वर्णन करताना चार दिशा लिहिलेल्या असतात: पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याची भिंत व सामाईक बोळ, उत्तरेस विकणाऱ्याची राहिलेली जागा. म्हणजे एका घराच्या कागदात तीन घरांची माणसं मिळाली. त्या तिघांपैकी एकाच्या कागदात आणखी दोन मिळतात. पन्नास वर्षांच्या अंतराने झालेली दोन खतं शेजारी ठेवली की "पश्चिमेस" असलेलं नाव बदललेलं दिसतं, आणि मधल्या काळात तिथे विक्री, वारसा किंवा दत्तक काहीतरी झालं एवढं नक्की होतं.

कोऱ्या कागदाच्या चौकोनी चिठ्ठ्या करा. एक खत, एक चिठ्ठी, चार बाजूंना चार नावं, मध्ये सन. जमिनीवर मांडत जा. सुरुवातीला काही जुळत नाही. पंधरा-वीस चिठ्ठ्या झाल्या की एकदम चार घरं ओळीने बसतात आणि पाचव्याची जागा रिकामी राहते. आता काय शोधायचं ते कळलेलं असतं.

दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, चतुःसीमा लिहिणारा बहुधा आधीच्या खतावरून उतरवून घेतो, त्यामुळे शेजारी मरून तीस वर्षं झाली तरी त्याचं घर "पश्चिमेस" उभं असतं. दोन, "अमक्याचं घर" म्हणजे मालकाचं की राहणाऱ्याचं, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं. म्हणून एकाच खतावर विश्वास नको.

नोंदणी झालेल्या दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात "सूची २" पाहायला मिळते. त्यात मिळकतीचं वर्णन आणि दोन्ही पक्षांची नावं असतात. न नोंदलेली खतं घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत असतात. पेटी मागू नका, कुणी देणार नाही. ओट्यावर बसून मोबाईलवर फोटो काढू देता का, एवढंच विचारा.

जुने कागद मोडीत आहेत. मला मोडी येत नाही.

शिकता येते, आणि आपली भाषा असल्यामुळे वाटते त्यापेक्षा लवकर येते. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि काही इतिहास मंडळं वर्ग घेतात. अक्षर ओळखू आलं की कठीण जातात ते संक्षेप आणि फारसी शब्द. घराण्यांच्या शोधासाठी तीन शब्द आधी पाठ करा. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "वलद" म्हणजेही तेच, आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, त्यामुळे आजोबांच्या हिशेबाच्या वहीवर सराव करा. पेशवे दप्तरातल्या रुमालापासून सुरुवात केलीत तर आठवड्यात सोडून द्याल.

पुण्याच्या पुराभिलेखागारात ते दप्तर आहे, हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी. पुण्यातच १९१० साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पण एका आळीसाठी थेट तिथे जाण्यात अर्थ नाही. गाव पूर्वी ज्या परगण्यात किंवा तर्फेत, म्हणजे जुन्या महसुली विभागात होतं, त्याचं नाव आधी माहीत हवं. आजचा तालुका सांगून रुमाल सापडत नाही.

कागदावरचे सन जुळत नाहीत. शके, फसली आणि आणखी काहीतरी अरबी...

शक वर्षात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंतची तारीख असेल तर ७९. आपल्याकडच्या फसली, म्हणजे महसुली सनात ५९० मिळवा, आणि वर्ष जूनच्या सुमारास सुरू होतं हे लक्षात ठेवून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१.

अरबी दिसतो तो शुहूर सन. तो अंकांत नसून शब्दांत असतो आणि उलट्या क्रमाने, आधी एकम. "सबा सितैन मया व अलफ" म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६७. त्यात ५९९ मिळवले की १७६६. हा सनही मृगाला बदलतो, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला ६००. हे एकदा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवलं की डोकं शांत राहतं.

घर बघून त्याचं वय सांगता येतं का?

अंदाज सांगता येतो, आणि खोटा ठरण्याची तयारी ठेवावी लागते.

छपरापासून सुरुवात करा. नळीची कौलं गावचा कुंभार करायचा, त्यावरून काळ ठरत नाही. चपटी मंगलोरी कौलं असतील तर छप्पर तरी १८६५ नंतरचं. त्या सुमारास बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि मग कौलांचा प्रसार झाला. कौल उलटून पाहा, मागे कारखान्याचा ठसा असतो. कोरड्या मुलखात कौलंच नसतात, माळवद किंवा धाबं असतं, म्हणजे लाकडाच्या कड्यांवर किलचनं (लाकडाच्या चिपा) आणि वर मातीचा जाड थर. पोलादी तुळई असेल तर तिच्यावर उठावाची अक्षरं शोधा. विलायतेतून आलेल्या गर्डरवर कंपनीचं नाव असायचं, "डॉर्मन लाँग" हे त्यातलं नेहमी दिसणारं.

भिंत पाहा. खाली घडीव दगड आणि वर पांढऱ्या मातीचे भेंडे, हे जुनं काम. वीट चपटी आणि रुंद असेल तर पेशवाईच्या वळणाची, जाड आणि एकसारखी असेल तर पुढची. दाराच्या गणेशपट्टीवर शके कोरलेला असतो. पण तो दाराचा असतो, घराचा असेलच असं नाही. दुरुस्तीनंतरही शक घालायची हौस होती.

सर्वांत फसवा माल म्हणजे लाकूड. पडक्या वाड्याचे खांब आणि तुळया विकत घेऊन नवं घर बांधणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. खांबावर ज्या खोबणीत काहीच बसवलेलं नाही अशी रिकामी खोबण दिसली, तर तो खांब आधी दुसऱ्या घरात उभा होता असं समजा. आमच्या आळीतल्या एका "दोनशे वर्षांच्या" घराचे खांब खरोखर तेवढे जुने असतील, घर मात्र मालकाच्या आजोबांनी बांधलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

घराचा आकार पूर्वी खणांत सांगत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुन्या खतात "पाच खण घर" असं असेल आणि आज तुम्हाला सात मोजता आले, तर दोन खण नंतर वाढले. ओसरी, माजघर, परसू यांची भिंत कुठे जुळवलेली दिसते ते पाहिलं की कोणते दोन हेही कळतं. भावाभावांच्या वाटण्यांत माजघरातून उभी भिंत गेलेली असते. तिचा गिलावा वेगळा असतो आणि तिच्यावर सहसा कोनाडा नसतो.

आमचं घराणं मूळचं गावातलंच का?

जुन्या गावात दोन प्रकारचे रयत असत. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेले, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन करारावर कसणारे. उपरी घराणं शंभर वर्षं राहिलं तरी उपरीच म्हणवलं जायचं, त्यामुळे "आम्ही मूळचे" या दाव्याकडे थोडं हसून पाहावं. थळझाडा नावाचा कागद सापडला तर पाहा. त्यात गावच्या जमिनीची थळं, म्हणजे मूळ वाटे, जुन्या घराण्यांच्या नावाने लावलेली असतात. घराणं नष्ट झालं तरी थळाचं नाव तेच राहायचं. अशा निर्वंश घराण्याच्या जमिनीला "गतकूळ" म्हणत. शेताचं नाव एका आडनावाचं आणि गावात त्या आडनावाचं एकही घर नाही, असं तुमच्याकडे असेल तर धागा तिथून धरा.

आडनावावर फार भिस्त ठेवू नका. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही कामं होती. कुलकर्णी आणि परगणा वतनं १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. काम गेलं, आडनाव राहिलं. "कर" लावलेलं आडनाव तर गाव सोडल्यावरच लागतं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार?

वंशावळीत बायका का नाहीत? त्यांना कुठे शोधू?

वंशावळ हक्काची असते, आणि हक्क मुलग्यांचा. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच तुटते. सून आली तर बहुतेक ठिकाणी "कुटुंब" एवढीच नोंद. शिवाय लग्नात नाव बदलायची रीत, म्हणजे माहेरची एक आणि सासरची दुसरीच. एकाच बाईला दोन माणसं समजण्याची चूक मी स्वतः केली आहे, आणि तिच्या नातवाने ती हसत हसत दुरुस्त केली.

तरी जागा आहेत. पहिली, भांडी. जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर नाव घालत: कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या तारखेला. मुलीचं माहेरचं नाव, मामाचं गाव, सन, एवढं सगळं एका घागरीच्या गळ्यावर मावलेलं असतं. आळीतल्या माळ्यावरच्या भांड्यांची नुसती यादी केलीत तरी दहा-वीस बायका मिळतील, ज्या कुठल्याच कागदावर नाहीत. घाई करा. अशी भांडी मोडीत जातात, किलोच्या भावाने.

दुसरी, वारसाचे फेरफार. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. त्यातली फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर तिच्यात मुलींची नावं वारस म्हणून येऊ लागली. पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोडपत्राने ती कमी होतात. पण कमी होताना पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव लिहून जातात. भावाला जमीन मिळाली आणि आपल्याला पत्ता.

तिसरी, ओव्या. जात्यावरच्या ओवीत भावाचं नाव, माहेरचं गाव, वाटेतली नदी, शेजारणीचा टोमणा, सगळं येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या गावोगावी जाऊन नोंदवल्या गेल्या, गाणारीच्या नावानिशी, आणि त्या आता "पारी"च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तुमच्या तालुक्यातलं गाव त्यात आहे का, जरूर पाहा. नसेल तर आळीतली शेवटची ओवी येणारी आजी कोण, ते विचारा.

गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास या आळीच्या इतिहासात घ्यायचा का?

हो. आळीतल्या प्रत्येक मोठ्या घराचं काम त्या वस्तीतल्या माणसांवर चालत होतं, आणि जुन्या नकाशात ती वस्ती बहुधा कडेला, कधी नकाशाबाहेरच असते. घर मातीचं, गवताने शाकारलेलं, म्हणून वाड्यासारखं टिकलं नाही. त्यामुळे "तिथे जुनं काही नाही" असं लोक सरळ म्हणतात.

कागद मात्र आहेत. महार वतनासारख्या वतनांच्या जमिनींचे उतारे पाहा. ही वतनं १९५८ च्या कायद्याने संपली, आणि त्या जमिनींवर एका घराण्यातल्या कितीतरी माणसांची नावं एकत्र सापडतात. कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४, सगळ्या वस्तीची असते. शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. कोणत्या घरातलं पहिलं मूल कोणत्या साली शाळेत आलं, हे वाड्याच्या बांधकामाच्या सनाइतकंच महत्त्वाचं आहे.

जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. जुन्या कागदांत जुनं नाव येईल, ते शोधताना माहीत हवं. लिहिताना आजचं नाव वापरा. जुनं नाव द्यायचंच असेल तर त्या वस्तीतल्या माणसांना विचारून द्या.

आमची वंशावळ कुणाकडे तयार मिळेल का?

कदाचित मिळेल. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या असतात. पूर्वज तिथे गेले असतील तर त्यांनी स्वतःच्या हाताने नाव, गाव, भाऊ, मुलं लिहिलेली सापडतात. विचारताना आजचं राहतं शहर सांगू नका, मूळ गाव आणि जुनं आडनाव सांगा. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात हेळवी येतात, बैल घेऊन. त्यांच्या घराण्यांकडे यजमानांच्या वंशावळी पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या असतात. हेळव्याने वाचायला सुरुवात केली की मध्ये थांबवू नका, फोनवर ध्वनिमुद्रण करायला आधी परवानगी घ्या आणि दक्षिणा हात आखडून देऊ नका.

या वंशावळीत दत्तक सहसा सरळ मुलगा म्हणूनच लिहिलेला असतो. कागदाशी ताडून पाहा.

जन्मतारखा कितपत खऱ्या?

१ जून दिसली की दुर्लक्ष करा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी सहा वर्षं मागे मोजून तारीख घातली. एका घरातली चारही भावंडं १ जूनची असू शकतात. गाव नमुना १४ मधली नोंद जास्त विश्वासाची, पण तिथे बाळाचं नाव क्वचितच असतं, "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव एवढंच. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा असे बरेच जुने कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. कारण काहीही असो, आळीच्या अभ्यासकाची सोय झाली.

जनगणनेत घरोघरची नावं मिळतील?

नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरचे तक्ते पाहायला मिळत नाहीत, फक्त आकडे छापले जातात. त्याऐवजी जुन्या मतदार याद्या पाहा, त्या घरांच्या क्रमाने असतात आणि त्यात बायकांची नावं पूर्ण असतात.

एक मोठं घराणं एका पिढीत गायब झालंय. काय झालं असेल?

आधी सन अंदाजे ठरवा, मग गावावर काय आलं होतं ते आठवा. १८७६-७७ चा दुष्काळ. १८९६ पासूनचा प्लेग, ज्यात लोक गाव मोकळं करून रानात झोपड्या घालून राहिले आणि काही तिकडेच राहिले. १९१८ चा इन्फ्लुएंझा. १९४८ साली गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यानंतर काही कुटुंबं शहरात गेली ती परतली नाहीत. याविषयी गावात आजही हळू आवाजात बोलतात, दोन्ही बाजूंनी. कुळकायद्याने, त्यातही १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने, जमीन कसणाऱ्याकडे गेली आणि वाड्याचा खर्च झेपेना. कोकणात आणि साताऱ्याकडे याचं उत्तर बहुतेकदा एकच, मुंबईची गिरणी.

गाव धरणाखाली गेलं असेल तर भूसंपादनाचे निवाडे मागा. भरपाई ठरवायची म्हणून प्रत्येक घराचं माप, भिंती, छप्पर, झाडं यांची यादी त्यात असते. बुडालेल्या आळीची इतकी बारीक नोंद उभ्या गावांचीही नसते. किल्लारी भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड धाब्याची जुनी घरं कोसळली आणि गावं दुसऱ्या जागी वसली. तिथे आळी शोधायची तर जुन्या शेजाऱ्यांना एकत्र बसवून नकाशा काढण्यावाचून इलाज नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या आळीतला वाडा पाडतायत. आता काय करू?

पाडू नका म्हणून सांगण्यात वेळ घालवू नका, मालकाने ते खूप वेळा ऐकलेलं असतं. परवानगी मागून दोन दिवस काढा.

पहिल्या दिवशी मोजमाप. टेप, वही आणि सोबतीला एक माणूस. ढेलजेपासून परसापर्यंत सरळ रेषेत मोजत जा, खण मोजा, भिंतींची जाडी लिहा, जिना किती पायऱ्यांचा ते लिहा. चौकातून चारही दिशांना फोटो, मग प्रत्येक खोलीचा दारातून एक. कोनाडे, कडीकोयंडे, फडताळाची आतली बाजू सोडू नका. फडताळाच्या दारामागे पेन्सिलीने उसनवारी, दुधाचा हिशेब, मुलांची उंची लिहिलेली असते. देवघराच्या भिंतीवर हळदीकुंकवाचे हात असतात. पुढे हे कुठेच मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घरात राहून गेलेल्या माणसांना बोलवा. मालकच नव्हे, भाडेकरू, पूर्वी धुणीभांडी करणारी बाई, अभ्यासाला येणारा शेजारचा मुलगा. त्यांना खोल्याखोल्यांतून फिरू द्या आणि ते काय म्हणतात ते लिहा. "इथे जातं होतं", "या खोलीत बाळंतपणं व्हायची", "इथे आम्हाला यायची परवानगी नव्हती."

कागदांची पेटी निघाली तर ऊन दाखवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. झटकून, फोटो काढून, कापडात बांधून परत द्या. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, शाई उमटते. आणि लाकूड कोण घेऊन जातोय ते विचारून ठेवा. खांब पुन्हा कुठेतरी उभे राहतील, त्या घराच्या वहीत हे लागेल.